लमलूमचे डोळे

पाहुणा आला तो उन्हं कलल्यावर, एका उंटावरून. तंबूपासून जितक्या अंतरावर उतरायचं असतं तितक्यावरच उतरला, जिथं खाकरायचं तिथंच खाकरला, आणि बायकांच्या बाजूला चुकूनही नजर न टाकता सरळ पुरुषांच्या बाजूला जाऊन बसला. रबहा पडद्याआड लोकर कातत होती. इतकं बिनचूक वागणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिचा सख्खा भाऊसुद्धा येताना तंबूच्या दोरीत अडखळायचा आणि दोरीला शिव्या घालायचा. हा मात्र सगळं पाठ करून आल्यासारखा. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

१९४२ सालचा ऑक्टोबर अर्धा सरला होता. उन्हाळ्यात तोब्रुक पडलं, जर्मन धडधडत इजिप्तमध्ये अलामीनपर्यंत आले, कैरोत इंग्रजांनी पळायच्या तयारीनं कागद जाळले म्हणतात. आणि मग कसं कोण जाणे, ते अलामीनलाच अडकून बसले. आता उत्तरेच्या समुद्रापासून दक्षिणेच्या खोलगट दलदलीपर्यंत दोन्ही सैन्यं एकमेकांसमोर दात विचकत बसली होती. पुढची लढाई शेवटची, हे शेळ्यांनासुद्धा कळलं होतं. कळत नव्हतं ते एकच. इंग्रज मारणार कुठून, समुद्राकडून की दक्षिणेकडून? हे ज्याला आधी कळेल त्यानं अर्धी लढाई जिंकली. म्हणून सगळं वाळवंट कान टवकारून बसलं होतं आणि अनोळखी माणूस दिसला की लोक बोलणं आवरत होते.

लष्करानं आमच्या अवलाद अली टोळीच्या वस्त्या केव्हाच पूर्वेला हाकलल्या होत्या. रबहाच्या बीर सुवेलमचे पाच तंबू आणि शेजारच्या दोन वस्त्या तेवढ्या राहिल्या होत्या, कारण तिथली माणसं खंदक खणायच्या कामावर होती. रबहाचा एकुलता एक मुलगा मिफ्ताह त्याच कामावर होता. रेल्वेच्या बाजूनं एक लांबलचक चर दक्षिणेकडे खणला जात होता, त्यात पाण्याचा नळ घालत होते. नळ पुरा व्हायला नोव्हेंबर उजाडणार, असं सगळे म्हणत. म्हणजे लढाई नोव्हेंबरात, आणि दक्षिणेला. हिशेब सोपा होता.

फक्त तो नळ खोटा होता.

हे मिफ्ताहनं सांगितलं नव्हतं. अधिकाऱ्यानं त्याच्याकडून कुराणावर हात ठेवून शपथ घेतली होती आणि तीन आठवड्यांत त्यानं घरी नळाचा 'न'सुद्धा काढला नव्हता. हे ओळखलं होतं त्याच्या बापानं, लमलूमनं. लमलूम माग काढणारा. साधासुधा नव्हे. वाळूतल्या पावलावरून बाई गरोदर आहे की नाही, उंट कुठल्या डोळ्यानं आंधळा आहे, चोर घरचा आहे की बाहेरचा, हे सांगणारा. चाळीस वर्षं शेखांच्या निवाड्यात त्याचा शब्द शेवटचा. तरुणपणी पीराच्या कबरीवर हात ठेवून त्यानं शपथ वाहिली होती की ठसा जसा दिसेल तसाच सांगेन. ही शपथ मोडली तर नुसती अब्रू जात नाही. त्या माणसाचे आधीचे सगळे निवाडे उकरले जातात, मिटलेली वैरं पुन्हा जागी होतात. म्हणून माग काढणारा एक वेळ उपाशी मरेल, पण खोटा ठसा वाचणार नाही.

"लोखंडी नळ चार माणसं उचलतात," तो दहा दिवसांपूर्वी रबहाला म्हणाला होता, आणि त्याचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "टाच रुतते. इथं एकेक माणूस काखेत मारून चाललाय, चवड्यावर, लग्नाला निघाल्यासारखा! आणि रेल्वेजवळच्या खऱ्या नळाला बघ, सांध्या-सांध्याला पाणी झिरपतं, चंडोल जमतात. इथं एक पाखरू नाही. रिकामे पेट्रोलचे डबे ठोकून नळ केलाय, रबहा! आज मांडतात, रात्री चर बुजवतात, तेच डबे उद्या पुढं मांडतात. आणि चराजवळ उभे केलेले ते ट्रक पाहिलेस? चाकाखाली वाऱ्यानं केलेल्या लाटा तशाच. ट्रक काय आभाळातून पडले? तेही खोटेच!"

"हे कुणाजवळ बोललात?"

"कुणाजवळ बोलणार? इथं कळणारं आहे कोण?"

हेच तर भय होतं. लमलूमचं पोट चहानं भरायचं नाही, कौतुकानं भरायचं. आणि करीयमच्या वस्तीवर काय झालं ते ताजं होतं. तिथल्या कुणीतरी एका वाटसरूला ट्रकांबद्दल काही सांगितलं, तिसऱ्या दिवशी लष्कराची गाडी आली आणि तिथला खणणारा तरुण उचलून नेला. त्यानं तोंड उघडलं नव्हतं असं त्याची आई छाती पिटून सांगत होती. कोण ऐकतो? तो पुन्हा दिसला नाही. लमलूमनं नळाचं गुपित डोळ्यांनी वाचलं यावर जगातला कुठला साहेब विश्वास ठेवेल? म्हणतील पोरानं सांगितलं. मिफ्ताहला भिंतीशी उभं करतील. रबहाला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि आता हा पाहुणा. आमच्याकडे पाहुण्याला तीन दिवस नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, काम विचारत नाहीत. त्यानं आपणहून एवढंच सांगितलं, "उंटीण हरवलीय काका. आठ दिवस शोधतोय. भुरी आहे, मानेवर डाग दिलेला."

"सापडेल," लमलूम म्हणाला. "आधी चहा घे."

रबहानं पडद्याआडून सगळं ऐकलं. पहिला पेला कडू, दुसरा गोड, तिसरा पुदिन्याचा. पाहुण्यानं तिन्ही वेळा बरोबर तेवढाच आवाज करून भुरका मारला. गोड बोलायचा मेला. हरवलेली उंटीण शोधणारा मोठा सोयीचा माणूस असतो. त्याला कुठंही जाता येतं, कुणालाही काहीही विचारता येतं, आणि ज्यानं जे पाहिलं ते त्याला सांगावंच लागतं. दडवलं तर ती चोरी धरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा विहिरीकडे गेला तशी रबहानं नवऱ्याला गाठलं.

"अबू मिफ्ताह," ती त्याला पोराच्या नावानं हाक मारत म्हणाली, "हा माणूस उंटीण शोधत नाही."

"झालं तुझं सुरू."

"काल आला, रात्र गेली, आता दिवस वर आला. त्यानं वाळूत तिचा पाय काढून दाखवला?"

लमलूमची नजर समोरच्या वाळूवर गेली. उंटीण हरवली की आमच्यातला माणूस पाणी मागायच्या आधी बोटानं वाळूत तिचा पाय काढतो. रंगाचं काय, शंभर भुऱ्या सापडतील. पाय मात्र एकीचा एकच. बाकी सगळं पाठ करून आलेला हा माणूस नेमकं हेच विसरला होता, आणि लमलूमसारख्या माग काढणाऱ्यालाही गप्पांच्या नादात ते खटकलं नव्हतं.

"शहरात राहिला असेल चार वर्षं," तो शेवटी म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"कुणाचा आहे तो? जर्मनांचा, की इंग्रजांचा?" रबहानं विचारलं.

"त्यानं काय फरक पडतो?"

"काहीच नाही. जर्मनांचा असला तर तुमचं बोलणं तिकडे नेईल आणि इंग्रज आपल्या पोराला मारतील. इंग्रजांचा असला तर तुमचं बोलणं इकडे नेईल आणि इंग्रज आपल्या पोराला मारतील. म्हणून म्हणते, तोंडाला कुलूप लावा."

"पाहुणा आहे तो, रबहा. त्यानं विचारलं तर मी पाहिलेलं नाही म्हणू? मी? लमलूमनं?"

"हो. तुम्हीच."

"तू बाई आहेस, तुला नाही कळायचं," असं म्हणून तो उठून गेला. पुरुषांना उत्तर सुचलं नाही की ते हेच म्हणतात. रबहाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्याहून जास्त तिला भीती वाटत होती.

तो सबंध दिवस पाहुणा उन्हात बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहिला. लमलूमच्या जुन्या निवाड्यांबद्दल विचारी, मांडीवर थाप मारून दाद देई. "वाह काका, अशी नजर मी पाहिली नाही!" लमलूम फुलत चालला. रबहा भाकरी थापताना एकेक शब्द मोजत होती. जोवर गोष्टी चोरांच्या आणि पळून गेलेल्या नवऱ्यांच्या होत्या तोवर ठीक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यानं खडा टाकला.

"काका, ती उंटीण त्या चराकडे तर गेली नसेल? तिकडे म्हणे नळ घालतायत. पाण्याच्या वासानं जनावर जातंच."

पडद्याआड रबहाची लोकर कातायची चाती थांबली.

लमलूम हसला. आधी नुसतं नाकातून, मग मोठ्यांदा. "पाण्याच्या वासानं? त्या नळाच्या?" आणि त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. बत्तीस वर्षांच्या संसारात रबहाला ठाऊक झालं होतं, पेला खाली ठेवला म्हणजे गोष्ट सुरू झाली. "ऐक पाहुण्या, तुला एक गंमत सांगतो. चाळीस वर्षं मी जमीन वाचतोय, पण अशी..."

"चाळीस वर्षं वाचली, आता कुठं दिसतंय!" रबहा पडद्याआडून कडाडली.

दोघेही दचकले. पुरुषांच्या बैठकीत पडद्यामागून बोलणं तिनं कधी केलं नव्हतं.

"पाहुण्या, माझ्या भावासारखा आहेस म्हणून बोलते. या माणसाचं मनावर घेऊ नकोस. दोन वर्षांपासून डोळे गेलेत यांचे. झाकत बसलेत. गेल्या गुरुवारी आमच्याच शेळीला कोल्हा समजून दगड हाणला, बिचारी अजून लंगडतेय. परवा उंटाची लेंडी उचलून तोंडात घालणार होते, खजूर म्हणून! मी हात धरला म्हणून बरं."

"रबहा!"

"ओरडू नका. खोटं आहे का? तो नळ यांना साप दिसतो, ट्रक दिसतात ते म्हणे उडत येतात. रोज नवं काहीतरी बघतात आणि सगळ्यांना सांगत सुटतात. लोक तोंडावर हो म्हणतात आणि मागे हसतात. मला मेलीला ऐकावं लागतं. तू शोध बाबा तुझी उंटीण दुसरीकडे. इथं आंधळ्याला विचारून तुझा वेळ जाईल."

रबहाला पडद्याच्या फटीतून नवऱ्याचे हात दिसत होते, गुडघ्यावर ठेवलेले. त्या क्षणी तो उठून आत आला असता आणि तिला फोडून काढलं असतं तरी तिनं हूं की चूं केलं नसतं. पण तो उठला नाही.

"खरं आहे," लमलूम म्हणाला. "हल्ली अंधूक दिसतं."

पाहुणा त्याच दुपारी निघाला. लमलूम त्याला निरोप द्यायलाही उठला नाही. दोन दिवस तो रबहाशी बोलला नाही, तिनं ठेवलेली भाकरी उचलून शेजारच्या तंबूत जाऊन खाल्ली. रबहा रात्री कूस बदलत पडून राही. पोरासाठी केलं, असं ती स्वतःला बजावत होती, पण नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी लष्कराची गाडी आली. पुढं एक तांबड्या चेहऱ्याचा इंग्रज अधिकारी, त्याच्या शेजारी खाकी कपड्यांत आणि बुटांत आपला पाहुणा. आता तो खाकरला नाही, की जिथं बघू नये तिथं बघायचं टाळलं नाही.

"कसे आहात काका?" तो म्हणाला. "उंटीण सापडली."

"अभिनंदन," लमलूम म्हणाला.

"तुमच्या शेजारच्या वस्तीतला सक्र आहे ना, त्याची नजर फार चांगली निघाली. मला चराबद्दल एकेक गोष्ट सांगितली त्यानं. त्याला आणि त्याच्या पोरांना लांब ठेवलंय. लढाई होईपर्यंत." तो हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. "तुमच्याबद्दल साहेबांना जरा शंका आहे. लमलूम आंधळा झाला हे कुणाला पटत नाही."

अधिकारी काहीतरी पुटपुटला. तीन शिपाई गाडीतून उतरले, तंबूमागच्या मऊ वाळूवरून ओळीनं चालत गेले आणि परत आले. जाताना एकाच्या पाठीवर जड पेटी होती, ती टेकडीआड ठेवून तो मोकळा परतला. लमलूमला तेव्हा तोंड फिरवून उभं केलं होतं.

"यातल्या कुणाच्या पाठीवर ओझं होतं?" पाहुण्यानं विचारलं. "खरं सांगा काका. तुमची शपथ मला माहीत आहे. पीराच्या कबरीवरची."

रबहा तंबूच्या दाराशी उभी होती. माणूस बायकोच्या शब्दाखातर एकदा अंधूक दिसतं म्हणेल, ते चहाच्या पेल्यासमोरचं बोलणं होतं. पण हा ठसा होता. आणि या माणसानं आयुष्यात भूक सोसली, भावाशी वैर घेतलं, पण ठसा खोटा वाचला नव्हता. तिला ते स्वच्छ माहीत होतं, आणि म्हणूनच तिनं मनातल्या मनात मिफ्ताहचा निरोप घेतला.

ओझेवाल्याची टाच दोन बोटं खोल रुतलेली तिला दारातूनसुद्धा दिसत होती.

लमलूम गुडघ्यावर बसला. डोळे बारीक केले. मग हात पुढं करून वाळू चाचपडली, पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, आणि चाचपडताना तिसरं पार पुसून टाकलं. मान वर करून त्यानं भलत्याच दिशेला, गाडीच्या चाकाकडे बघत विचारलं, "हे माणसांचे आहेत ना? मला वाटलं शेळ्या गेल्या."

शिपाई हसले. अधिकारीसुद्धा हसला. पाहुणा मात्र हसला नाही, त्यानं थोडा वेळ म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं, मग साखरेची पिशवी गाडीतून काढून रबहाच्या पायाशी ठेवली. गाडी धूळ उडवत गेली. लमलूम कितीतरी वेळ तसाच गुडघ्यावर होता. रबहा जवळ गेली तर म्हणाला, "आत जा. मला उठता येईल."

चार दिवसांनी तोफा सुरू झाल्या. दक्षिणेला नाही, उत्तरेला, समुद्राच्या बाजूला. जमीन हादरत होती, विहिरीचं पाणी थरथरत होतं. बारा दिवसांनी जर्मन पश्चिमेकडे पळत सुटले, तोब्रुक ओलांडून, बेनगाझी ओलांडून. लोक म्हणाले, लढाईचं पारडं फिरलं ते इथंच फिरलं.

नोव्हेंबर सरता सरता मिफ्ताह घरी आला, नवे बूट घालून आणि काखेत मांसाचे डबे मारून. आईला मिठी मारून झाल्यावर त्याच्या पोटात काही राहीना.

"आई, तो नळ! सगळा खोटा होता! पेट्रोलचे डबे! जर्मनांची विमानं रोज यायची, फोटो काढायची, आणि आम्ही डबे मांडतोय! सगळ्या जगाला फसवलं. मी तुम्हालासुद्धा सांगितलं नाही. बाबा, तुम्हाला तर शंका आली असेल?"

"नाही रे," लमलूम म्हणाला. "मला कुठली शंका यायला."

मिफ्ताहचं हसू मावळलं. वाटेत लोकांनी त्याला सांगितलंच होतं. लेंडी आणि खजुराची गोष्ट तोवर हमाम गावच्या बाजारापर्यंत पोचली होती, आणि शेखानं एका खुनाच्या निवाड्यासाठी दुसरा माग काढणारा बोलावला होता. पोरानं बापाचा हात हातात घेतला. "बाबा, माझी मजुरी साठलीय. अलेक्झांड्रियात डोळ्यांचा मोठा दवाखाना आहे. परवाच जाऊ आपण."

त्या रात्री रबहानं नवऱ्याच्या कानाशी विनवणी केली. "आता सांगा ना त्याला. लढाई लांब गेली. आता कोण मारतंय?"

"काय सांगू? डोळे शाबूत आहेत, पण ठसा खोटा वाचला?" तो छताकडे बघत म्हणाला. "पोरगा अभिमानानं चार ठिकाणी सांगेल. मग माझे चाळीस वर्षांचे निवाडे उकरतील. ज्याला मी सोडवला त्याला धरतील, ज्यांचा समेट झाला त्यांच्या सुऱ्या निघतील. आंधळ्याचे निवाडे टिकतात, रबहा. खोटारड्याचे टिकत नाहीत. तेव्हा आंधळाच बरा मी."

"माझ्यामुळं झालं हे."

"हो, तुझ्यामुळं," तो म्हणाला. मग कूस वळवून म्हणाला, "पोरगा जिवंत आहे. तू बरोबर केलंस. पण त्या लेंडीची गोष्ट जरा कमी सांगितली असतीस तर चाललं असतं."

सकाळी दोघे स्टेशनाकडे निघाले. मिफ्ताहच्या खांद्यावर बापाचा हात. "इथं दगड आहे बाबा, पाय उचला," पोरगा सांगत होता आणि बाप पाय उचलत होता. टेकडीआड दिसेनासे होईपर्यंत रबहा उभी राहिली. मग शेळ्या हाकत त्याच वाटेनं गेली.

टेकडीपलीकडे, जिथं कुणी बघणारं नव्हतं, तिथंही लमलूमची पावलं वाळूत उमटलेली होती. बोटं ओढलेली, दोन पायांत जास्तीचं अंतर, मध्येच चाचपडून मागे घेतलेलं पाऊल. आंधळ्याची असतात तशी, हुबेहूब. कुणा जाणत्यानं पुढं कधी ही वाट वाचलीच तर त्याला यात तिळभर खोट सापडली नसती. पुढं खडकाळ जमीन लागेपर्यंत तो एकदाही विसरला नव्हता.

रबहा तिथंच वाळूत बसली आणि मोठ्यानं रडली.